आवत्या आणि रोवणी

श्रावण लागता लागता मूलहून सिंदेवाहीकडे निघालं की दोन तऱ्हेच्या बांध्या दिसतात. आवत्याचं धान फेकलं तिथंच उगवतं. रोवणीच्या धानाला दोन घरं: पऱ्ह्यांत जन्मायचं, उपटून पेंढीत बांधलं जायचं आणि वाकलेल्या बायांच्या हातून दुसऱ्याच चिखलात उभं राहायचं.

बुबुळापुढचं पारपटलही असंच दोन पेरण्यांचं, हे मला धानाच्या कुसळानं शिकवलं. चुरण्याच्या वेळी ते डोळ्यात गेलं. डॉक्टरांनी पिवळा रंग टाकून निळा उजेड धरला; ओरखडा म्हणे हिरवा चमकत होता. "वरचाच थर आहे, भरून येईल." आला. आणखी आत गेलं असतं, बुरशी धरली असती, तर डोळ्यात फूल पडलं असतं.

वरचा थर आवत्याचा. गर्भाच्या ज्या आवरणातून कातडी होते, त्यातूनच तो जागच्या जागी होतो आणि काठाकडून जन्मभर नवा होत राहतो. खालचं सगळं रोवणीचं. चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर मज्जेची नळी मिटू लागते, तेव्हा तिच्या काठावरच्या पेशी गाव सोडतात. काही चेहऱ्याची हाडं होतात, काही दातांत शिरतात, काही डोळ्यापुढे येऊन थांबतात. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की लाव्याच्या पेशी कोंबडीच्या पेशींत केंद्रकावरून ओळखू येतात. मग लाव्याचा तो काठ कोंबडीच्या गर्भात लावून ही वाट पारपटलापर्यंत माग काढत पाहिली गेली.

सर्वांत आतला थर एकेरी, सतत पाणी उपसणारा. म्हणून तर अर्ध्या मिलिमीटरची ही काच स्वच्छ. पण तिथली पेशी मेली की तिच्या जागी सहसा नवी येत नाही. शेजारणी पसरून खाडा भरतात.

रोवलेलं मात्र पुन्हा रोवता येतं. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौत्सला एडुआर्ड झिर्म यांनी एकाचं पारपटल दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवलं, आणि ते धरलं. अशा डोळ्यात वरचा थर हळूहळू घरधन्याचा होतो. खाली दात्याच्या पेशी वर्षानुवर्षं पाणी उपसत राहतात.

२५ ऑगस्टला नेत्रदान पंधरवडा सुरू होतो. तोवर आमच्याकडची रोवणी आटोपलेली असते. यंदा चिखलाचे हात धुऊन मी अर्ज भरला. मरणानंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे घरी सांगून ठेवलंय. पऱ्हे उपटले की फार वेळ बांधावर ठेवत नाहीत, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.