जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांसाठीं राखून ठेवलेला आहे. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणाराचें नांव शिलेवर कोरतात. बुजलेली विहीर उपसणारास पुण्य लागतें. कसर लागलेली पोथी सांधून छापणारास विद्वान् म्हणतात. परंतु एखाद्यानें आपल्या अंगणांत जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आरंभिला, तर त्याच्या शहाणपणाविषयींच शंका घेतली जाते. जून २०२५ पासून पुढचे आठ महिने आम्हीं हा अनुभव घेतला. शेजारी कुंपणावरून डोकावून विचारीत, "काय प्रोफेसर, विकायची आहे का?" विकावयाची नाहीं असें म्हटलें कीं, घरांत कोणी दीर्घकाळ आजारी असतां लोकांच्या मुद्रेवर जी सहानुभूति दिसते, ती त्यांच्या मुद्रेवर दिसूं लागे.

गाडी १९९६ सालची, पांढऱ्या रंगाची मारुति ८००. हिची कुळकथा बहुतेकांस ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनीं पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लींतील एका गृहस्थाच्या हातीं दिल्या. तोंपर्यंत मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा पद्मिनी, आणि मोटारवाला म्हणजे डॉक्टर, वकील अगर बडा अडत्या, अशी आपली समजूत होती. ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरांच्या ह्या जपानी घडणीच्या लहानशा गाडीनें ती मोडली. जानेवारी २०१४ मध्यें उत्पादन थांबलें, तोंपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या ह्या देशांत खपल्या होत्या. त्यांतील एक आमच्या वडिलांची. ते सांगलीस हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. निवृत्त झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनीं दोनच गोष्टी केल्या: आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न आणि ही गाडी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं ते मोटार हांकावयास शिकले. अमरकोश मुखोद्गत असलेल्या माणसास क्लच कोणता आणि ब्रेक कोणता हें लक्षांत ठेवणें जड जाऊं नये, असें ते म्हणत.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फुटांची आहे. त्या पुरांत गाडीच्या बसकांपर्यंत पाणी आलें. पूर ओसरल्यावर वडिलांनीं ती धुऊन, वाळवून पुन्हां चालू करविली. २०२२ सालीं ते गेले आणि गाडी चिंचेखालीं उभी राहिली ती राहिलीच. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यानें पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून मिळते. आमच्या गाडीची मुदत मार्च २०२६ मध्यें संपणार होती. म्हणजे एक तर तोंपर्यंत ती तपासणीस उतरेल अशी करावयाची, नाहीं तर मोडींत घालावयाची. तिसरा मार्ग नव्हता.

मोडींत घालण्याच्या बाजूनें पुष्कळ बोलण्यासारखें होतें. आमचे चिरंजीव पुण्यास संगणकाचें काम करितात. त्यांनीं सारा हिशेब मांडून पाठविला, आणि तो बिनचूक होता. नोंदणी वाढविण्याचें शुल्क एके काळीं ६०० रुपये होतें. एप्रिल २०२२ पासून तें ५,००० झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांपुढील मोटारींसाठीं १०,००० झालें. शिवाय पर्यावरण-कर निराळा. पत्रा, रंग, सुटे भाग आणि मजुरी धरली तर खर्च गाडीच्या बाजारभावाच्या तिपटीवर जात होता. सरकार एखादी गोष्ट इतकी महाग करितें, तेव्हां तिचा अर्थ "करूं नका" असा घ्यावयाचा असतो. तेव्हां काटकसरीच्या नांवाखालीं हा उद्योग करितां येण्यासारखा नव्हता.

मग उरली वडिलांची आठवण. हें कारण चारचौघांत सांगण्यास फार सोयीचें असतें, कारण त्यास कोणी हरकत घेत नाहीं. आमच्या मातोश्रींनीं मात्र घेतली. व्हरांड्यांत बसून भाजी निवडतां निवडतां त्या म्हणाल्या, "अरे, तुला गाडी करायची तर कर. पण ह्यांच्या नांवावर घालूं नकोस. ह्यांची आठवण यायला मला गाडी लागत नाहीं." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्यांनीं त्या गाडींतून दर पौर्णिमेस नरसोबाच्या वाडीस जाऊन दर्शन घेतलें, त्यांस जर तिची गरज वाटत नाहीं, तर आम्ही कोणासाठीं हळवे होत होतों?

तिसरी गोष्ट धुराची. आणि ती आडपडदा न ठेवतां सांगितली पाहिजे. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींस धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक पात्र सक्तीचें झालें. सांगली त्या चारांत नव्हती. त्यामुळें आमच्या गाडीचा धूर गाळणीवांचून बाहेर पडतो. अशा जुन्या मोटारींस कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. नव्यांस त्याच्या पासंगासही पुरेल इतकी नाहीं. जुनी वस्तु टिकविणें हेंच निसर्गाचें रक्षण, असें कांहीं मंडळी म्हणतात. नवी गाडी घडवावयास लोखंड वितळवावें लागतें, हें खरें. परंतु जुनी रोज रस्त्यावर आणली तर तो युक्तिवाद चारच महिन्यांत धुरांत जाईल. म्हणून आम्हीं प्रारंभींच ठरविलें कीं, ही गाडी महिन्यांतून दोनदां बाहेर काढावयाची. कॉलेजांत जाण्यास आमची सायकल पुरे आहे.

ह्याप्रमाणें तीनही कारणें एकेक करून निकालांत निघालीं, आणि तरी आम्हीं काम सुरू केलें. त्या अर्थीं कारण निराळें असलें पाहिजे. तें आम्हांस कामांतच सांपडलें.

पहिल्या रविवारीं बसकी काढल्या आणि खालची सतरंजी उचलली. तिच्याखालीं बोटभर जाडीचा पुराचा गाळ होता. सहा वर्षें त्यानें ओल धरून ठेविली होती, आणि त्या ओलीनें पत्रा खालच्या खालीं खाल्ला होता. खुरप्यानें गाळ काढला तेव्हां ड्रायव्हरच्या पायाखालीं वीतभर भोंक पडलेलें दिसलें. त्यांतून अंगणांतील दूर्वा वर आल्या होत्या. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमास गच्च धरून बसले होते. बॉनेटखालीं उंदरानें घर केलें होतें, आणि त्याच्या बिछान्यांत वडिलांच्या हातची देवनागरी अक्षरें असलेला एक कपटा निघाला. त्यावर "हवा २४" एवढेंच लिहिलेलें होतें.

मग गंज खरवडणें आलें. तारेचा ब्रश, काचकागद, गंज मारण्याचें औषध, प्रायमर, लांबी, पुन्हां काचकागद. लांबी लावून घासली म्हणजे हात फिरवून पाहावयाचें असतें. डोळ्यांस सपाट दिसतें तें तळहातास खडबडीत लागतें. तीस वर्षें आम्हीं इंग्रजी वाङ्मय शिकविलें. "पृष्ठभाग" हा शब्द टीकालेखांत किती वेळां वापरला, त्याची गणती नाहीं. पृष्ठभाग म्हणजे काय, हें तळहातास ह्या वर्षीं प्रथम कळलें.

आमच्या पढिक वर्गाची एक मोठी गंमत आहे. यंत्रावांचून त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं, आणि यंत्रास हात लावणारा मात्र त्याच्या पंक्तीस बसत नाहीं. जातीनें पूर्वीं जें केलें तें पदवीनें पुढें चालू ठेविलें. आणि हें कोठें, तर सांगली जिल्ह्यांत! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें मास्तरकी केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, आणि १९१० सालीं ह्याच जिल्ह्याच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडविले. त्याच वाडींतून १९२० सालीं एक मासिकही निघालें. नांगर आणि नियतकालिक एकाच आवारांत निपजूं शकतात, हें आपल्याच लोकांनीं दाखवून दिलें होतें. पुढें आम्हीं मासिक तेवढें उचललें.

आमचे गुरु म्हणजे मिरजेचे एक मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढचें. वडिलांची गाडी तेच पाहत असत. त्यांचा उजवा हात आतां कांपतो, म्हणून ते दुकानांत काम घेत नाहींत. परंतु रविवारीं सकाळीं येऊन आमच्या अंगणांत खुर्ची टाकून बसूं लागले. ते सांगत आणि आम्ही करीत. "सर, पाना ओढायचा, ढकलायचा नाहीं. ढकलला आणि निसटला कीं बोटं फुटतात." असें एकेक सूत्र आम्ही वहींत टिपून घेत असूं. आधीं बॅटरीची तार सोडवावी, मग दुसऱ्या कशास हात लावावा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळावे, ओळीनें नव्हे. टाइमिंग बेल्ट किती वर्षांचा आहे हें सांगतां येत नसेल, तर तो बदलावा. तीन सिलिंडर एक, तीन, दोन ह्या क्रमानें पेटतात. तारा चुकल्या तर गाडी खोकते.

पेट्रोलच्या वाटेवर त्यांनीं फार बारकाईनें लक्ष ठेविलें. पंपावर आतां जें पेट्रोल मिळतें, त्यांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आमच्याच भागांतील उसाची मळी अशा रीतीनें आमच्या गाडीच्या पोटांत येते. परंतु १९९६ चें रबर ह्या पाहुण्याच्या ओळखीचें नव्हे. तें त्यानें फुगतें, मऊ होतें, नाहीं तर तडकतें. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतें, आणि गाडी उभी राहिली कीं टाकीच्या पत्र्यास आंतून गंज चढतो. म्हणून टाकी उतरवून धुतली. सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरांतील गॅस्केटें बदललीं. ब्रेकचे ड्रम लेथवर साफ करून आणले. पायाखालच्या भोंकास नवा पत्रा डागून घेतला. तेवढें एक काम बाहेर दिलें.

जानेवारींत एकदां सकाळीं गाडी चालू झाली. चालू झाली म्हणजे थरथरली, खांसली आणि काळा धूर ओकली. मिस्त्री खुर्चीवरून उठले. लांब पेचकसाचें टोक त्यांनीं इंजिनावर ठेविलें, मूठ कानाशीं धरली, आणि डोळे मिटून आम्हांस कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविण्यास सांगितलें. "थोडं मागं. आणखी. बस्स. आतां केसभर पुढं." आवाज हळूहळू भरत आला, आणि एका क्षणीं इंजिन जणूं स्वस्थ बसलें. मिरजेंत सतारी-तंबोरे करणारांचीं जुनीं घराणीं आहेत. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसून जवारी काढणारा कारागीर असाच तारेकडे न पाहतां ऐकत असतो. केसभर अधिक घासलें तर नाद मरतो. मिस्त्रींस आम्हीं हें बोलून दाखविलें तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, "त्यांचं वाद्य हजारांत जातं, सर. आमचं भंगारांत."

हें वाक्य ते विनोदानें बोलले. परंतु त्यांत वस्तुस्थिति होती. त्यांचा मुलगा विजेच्या मोटारी विकणाऱ्या दुकानांत नोकरीस आहे. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. तेथें संगणक मोजमाप करितो, आणि कानाची गरज पडत नाहीं. तें धुराच्या दृष्टीनें इष्टच आहे. आम्ही त्याबद्दल रडणार नाहीं. परंतु पन्नास वर्षें खपून कमाविलेला एक कान ह्या पिढीबरोबर जाणार, आणि त्याची नोंद कोणत्याही ग्रंथालयांत असणार नाहीं, हें आम्हांसारख्या पुस्तकांवर जगणाऱ्या माणसास बोचल्यावांचून राहत नाहीं. अंगणांतील आमच्या उद्योगाचें खरें कारण तें होतें.

फेब्रुवारींत गाडी तपासणीस नेली. ब्रेक, दिवे, भोंगा, धूर, चेसिसवरील आंकडे असें सर्व पाहून झालें, आणि पांच वर्षांची मुदत मिळाली. आमचें सेवानिवृत्तीचें वय साठ. त्यास चार वर्षें उरलीं आहेत. म्हणजे सरकारी हिशेबानें गाडी आमच्यापेक्षां एक वर्ष अधिक कामास येईल. मातोश्रींस आम्हीं वाडीस नेलें. जातांना त्यांनीं गाडीविषयीं अवाक्षर काढलें नाहीं, परततांना मात्र म्हणाल्या, "ह्यांच्या वेळीं एवढी खडखडत नव्हती."

वही आतां दीडशें पानांची झाली आहे. मिस्त्रींस वाचून दाखविली तेव्हां त्यांनीं चार ठिकाणीं दुरुस्ती सुचविली आणि विचारलें, "हें सगळं ठीक, सर. पण आवाज कुठं लिहिणार?" तो लिहितां येत नाहीं, म्हणून माणसें आणावीं लागलीं. आमच्या कॉलेजांतील शास्त्र शाखेचे दोन विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी हल्लीं रविवारीं येतात. मिस्त्री मुद्दाम स्क्रू बिघडवून ठेवितात आणि त्यांस तो कानानें जुळवावयास लावितात. मुलीचा कान तिघांत तयार आहे, असें त्यांचें मत पडलें. गेल्या रविवारीं तिनें जुळविलेल्या इंजिनास त्यांनीं पेचकस लावला, बराच वेळ ऐकलें, आणि स्क्रूस हात न लावतां बॉनेट खालीं घेतलें.