घोड्यावरून माथेरान : एका दिवसाचा बेत

आपल्या वस्तीतील कुटुंबे सहलीला निघाली की चौपाटी नाहीतर राणीची बाग, एवढ्यावरच बेत थांबतो. घोड्यावरून रानवाटांनी फिरणे हे बड्या लोकांचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. देशातील काही गावांत घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाला आजही खाली उतरविले जाते. तेव्हा आपल्या मुलामुलींनी एकदा तरी ताठ मानेने घोड्यावर बसावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी माथेरानसारखे जवळचे ठिकाण नाही.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर पाहिला आणि पुढे येथे साहेबांचे बंगले उठले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबड्या मातीचे, झाडीतले रस्ते. म्हणूनच येथे घोडा टिकून आहे.

आता बेत कसा करावा ते पाहू. रविवार व जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, म्हणून दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरावे. स्टेशनबाहेर दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी मिळते. नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून पावती घ्यावी.

नाक्यावर पाऊल ठेवताच घोडेवाले गराडा घालतात. "साहेब, लांब आहे, मुलं थकतील," असे ऐकू येईल. तेथे घाई करू नये. बाजारपेठ तीन किलोमीटरच्या आत आहे. तेवढे अंतर चालत किंवा अमन लॉजहून शटल गाडीने जावे. घोड्याचे पैसे खरे रानवाटांसाठी राखावेत.

बसण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात : पॉइंट कोणते, वेळ किती आणि सर्व मिळून रक्कम किती. दरपत्रक लावलेले असल्यास ते वाचावे. एका दिवसात सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट नको. शार्लोट तलाव, एको पॉइंट व लुइझा पॉइंट एकाच बाजूला आहेत, तेवढे पुरेत. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे. तिकडे जायचे तर निम्मा दिवस वेगळा काढावा. पैसे कमी असतील तर चौघांत दोन घोडे घ्यावेत व पाळीपाळीने बसावे. एका घोड्यावर दोघांनी मात्र बसू नये.

घोडा आधी नीट पाहावा. लंगडत असेल, खोगिराखाली जखम असेल, बरगड्या दिसत असतील तर स्पष्ट नकार द्यावा. मुक्या जनावरावरील करुणा म्हणजे नुसती हळहळ नव्हे. आपण बसलो नाही तरच मालक त्याला विश्रांती देईल.

अंगात पूर्ण पॅन्ट किंवा सलवार व पायात बूट असावेत. हेल्मेट मागून घ्यावे. घोड्यावर डाव्या बाजूने चढावे. रिकिबीत पायाचा पुढचा भागच ठेवावा, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. चढणीला थोडे पुढे झुकावे, उताराला मागे रेलावे. लगाम हिसकू नये. घोड्याच्या मागे उभे राहू नये, जवळ छत्री उघडू नये. घोडेवाल्याने लगाम धरूनच चालावे, घोडा दौडवू नये, हे आधीच बजावावे. लहान मूल असेल तर यात तडजोड नाही.

घोडेवाल्याशी बोलताना "अहो, दादा" म्हणावे. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस आहे. आपण बसून जातो तेवढी वाट तो चालत असतो. ठरलेला पैसा देताना शेवटी घासाघीस करू नये.

माथेरानच्या रस्त्यांवर माणसाने माणसाला बसवून ओढण्याच्या हातरिक्षाही वर्षानुवर्षे चालत आल्या. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे सांगून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठावर होते. ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देऊन त्यांची रोजी टिकावी, हाही त्या आदेशाचा भाग आहे. सहलीत मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. घोड्यावरून उतरून पाय मोकळे करताना सांगितलेले त्यांच्या लक्षात राहील.

डबा घरचा न्यावा, पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात आणि प्लास्टिक परत आणावे. शार्लोट तलावात उतरू नये. सूर्यास्ताचा मोह आवरून उजेड असतानाच दस्तुरी गाठावी. नेरळची लोकल मिळाली की मुले झोपतील. त्यांना खिडकीची जागा द्यावी.