कुलूप कधी काढणार, ते आधी ठरव

चि. छोटीस,


परवा फोनवर तू म्हणालीस की कंपनीच्या नव्या गेमला कुठलं संरक्षण बसवायचं हे ठरवणाऱ्या गटात तुला घेतलंय. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “पैसे देऊन घेणाऱ्याला याचा काही त्रास नसतो, बोंब मारतात ते फुकटे.” तुला ते पटलं नाही, पण तिथल्या तिथे उत्तरही सुचलं नाही. ते उत्तर मी लिहून पाठवतोय. सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना मी या प्रश्नाची दुसरी बाजू पाहत आलोय: पैसे मोजलेलं गिऱ्हाईक आणि त्याची न चालणारी गेम. तुझ्यासारखी बरीच पोरं-पोरी आता या धंद्यात शिरली आहेत, म्हणून हे पत्र छापायलाही देतोय.

नक्कल ही खरी अडचण आहे, हे मी नाकारत नाही. चार-पाच वर्षं शंभर माणसांनी राबून केलेली वस्तू एका रात्रीत फुकट वाटली जाते, तेव्हा त्या माणसांच्या पोटाला चिमटा बसतो. आपल्या गावांत तर कित्येक वर्षं गेम म्हणजे कॉपी केलेली फ्लॉपी नाहीतर सीडी. १९८९ ची ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ शाळाशाळांतल्या संगणकांवर खेळली गेली, पण तिची मूळ पुस्तिका पाहिलेला मुलगा मला भेटलेला नाही. खऱ्या गेममध्ये पहिली पातळी संपली की बाटल्यांची एक खोली लागायची. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. चुकीची प्यायली की पुढे जाता येत नसे. आपल्याकडे पोचलेल्या प्रतींत ही अट कुणीतरी आधीच मोडून ठेवलेली असे.

तरीही ती अट मला गैर वाटत नाही. ज्याने गेम विकत घेऊन पुस्तिका जपली, तो आजही योग्य बाटली निवडू शकतो. त्यासाठी कंपनी जिवंत असावी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पुढे हे बदललं. परवानगी डब्यातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसली, आणि लोकांचा राग तिथून सुरू झाला.

तुझ्या बैठकीत ‘स्पोर’चं उदाहरण नक्की सांग. सप्टेंबर २००८ मध्ये ती बाजारात आली. ‘द सिम्स’ करणाऱ्या विल राइटची गेम. एका पेशीपासून सुरू करून थेट अंतराळात पोचायचं. लोक कधीपासून वाट बघत होते. पण तिच्यात सेक्युरॉम नावाचं संरक्षण होतं आणि गेम तीनदाच ॲक्टिव्हेट करता येणार होती. चौथ्यांदा लागली तर कंपनीशी संपर्क साधायचा आणि कारण पटवायचं. ॲमेझॉनवर काही दिवसांतच दोन हजारांहून जास्त लोकांनी तिला एकच तारा दिला. कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला; सेक्युरॉम आपल्या संगणकात शिरतंय हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, अशी त्यात तक्रार होती. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा बंदोबस्त केला, त्यांचं काय झालं? क्रॅक केलेली प्रत गेम दुकानात यायच्या आधीच इंटरनेटवर होती. त्या वर्षी टॉरेंटवरून सर्वांत जास्त उतरवली गेलेली गेम ‘स्पोर’च होती, सुमारे १७ लाख वेळा, असा टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाचा अंदाज होता. कुलूप लागलं ते फक्त पैसे देणाऱ्याच्या दाराला. कंपनीने मर्यादा तीनाची पाच केली आणि डिसेंबरात तीच गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात सेक्युरॉमशिवाय विकायला ठेवली.

त्याच्या आदल्या वर्षी ‘बायोशॉक’च्या बाबतीत हेच घडलं होतं. मर्यादा आधी दोनाची, ओरड झाल्यावर पाचाची, आणि जून २००८ मध्ये ती उठवलीच. ‘मास इफेक्ट’ दर दहा दिवसांनी सर्व्हरला विचारून चालणार होती, तो बेत लोकांच्या रागामुळे गेम यायच्या आधीच सोडावा लागला. म्हणजे ही ओरड फुकट्यांची नव्हती. फुकट्याला ओरडायचं कारणच नव्हतं, त्याच्या प्रतीत मर्यादा नव्हतीच.

‘स्पोर’च्या वादात कंपनीचं उत्तर असं होतं की तीनपेक्षा जास्त संगणकांवर खेळू पाहणारे एक टक्कासुद्धा नसतात. तुझ्या बैठकीतही असाच एखादा आकडा येईल, आणि तो खराही असेल. पण अशी मर्यादा माणसं मोजत नाही, यंत्र मोजते. गेम पहिल्यांदा चालू केली की संगणकातले भाग आणि विंडोज मिळून एक खूण तयार होते आणि ती सर्व्हरवर नोंदली जाते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं की खूण बदलते. सर्व्हरच्या लेखी तो दुसरा संगणक, मग तो त्याच टेबलावर त्याच कॅबिनेटमध्ये का असेना.

आता त्या वर्षांतली सांगली आठव. भारनियमन रोजचं. वीज येताना दाब वर-खाली व्हायचा, संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस उडायचा आणि जाताना कधी मदरबोर्डही घेऊन जायचा. पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचे. “फॉरमॅट मारून द्या” हे वाक्य माझ्या दुकानात दिवसातून कितीदा ऐकू यायचं! आपल्याकडे संगणक एकदम नवा घेतला जात नाही. यंदा रॅम वाढवायची, पुढल्या दिवाळीला ग्राफिक्स कार्ड, बोनस मिळाला तर मॉनिटर. जो संगणक असा तुकड्यातुकड्यांनी वाढतो आणि सारखा दुरुस्तीला येतो, त्याच्यासाठी तीनाची मर्यादा म्हणजे दीड-दोन वर्षांचा खेळ. अमेरिकेतल्या कार्यालयात बसून एक टक्का मोजणाऱ्यांना हा संगणक दिसला नसणार.

एका सहकारी बँकेतल्या कारकुनांनी मुलाच्या दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून पुण्याहून एका गेमचा ओरिजिनल डबा आणला होता. घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून सीपीयू स्कूटरवर ठेवून माझ्याकडे आणला आणि इथल्या लाइनवर आम्ही ती गेम ॲक्टिव्हेट केली. पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. मग एकदा व्हायरसने फॉरमॅट मारावा लागला, नंतर हार्ड डिस्क बदलली आणि विंडोज पुन्हा टाकलं. त्यानंतर पडद्यावर आलं की मर्यादा संपली. कंपनीला ईमेल मी लिहिला. त्यांनी बिलाचा आणि डब्यावरच्या कीचा फोटो मागितला. बिलावरची शाई तोवर उडून कागद कोरा झालेला. मग उत्तरं येईनाशी झाली. त्याच गल्लीतला दुसरा मुलगा तीच गेम कॉपी केलेल्या सीडीवरून रोज खेळत होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्या कारकुनांनी पुढे ओरिजिनल गेम कधी घेतली नाही. ते माझे गिऱ्हाईक आजही आहेत, त्या कंपनीचे नाहीत.

याहून मोठी काळजी मला वेगळीच आहे. मर्यादा पाचाची केली, दहाची केली, तरी सर्व्हर आहे तोवरच तिला अर्थ. ‘ट्रॉन: इव्होल्यूशन’ ही डिस्नेची गेम २०१० ची. २०१९ मध्ये सेक्युरॉमचा परवाना संपला आणि पैसे देऊन घेतलेली ती गेम नव्याने ॲक्टिव्हेटच होईना. गेममध्ये बिघाड नव्हता, संगणकात नव्हता, गिऱ्हाइकाच्या वागण्यात तर नव्हताच. दोन कंपन्यांमधला एक करार संपला होता, इतकंच. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा सेफडिस्क हे दुसरं एक संरक्षण किंवा सेक्युरॉमच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या डिस्क चालेनाशा झाल्या. मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं समजण्यासारखं होतं, कारण सेफडिस्कचा तो ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसायचा आणि हल्लेखोरांना वाट मोकळी व्हायची. पण कपाटात खरी डिस्क असलेल्या माणसाने काय करायचं? त्याला क्रॅकच शोधावा लागला. प्रामाणिक माणसाला चोराच्या दारात उभं करणारं संरक्षण कुठल्या कामाचं?

कायम इंटरनेट मागणाऱ्या गेम्सची कथा तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ संगणकासाठी आणली ती एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेली हवी, अशा अटीवर. त्याच महिन्यात सर्व्हर बंद पडले आणि घेणारे ताटकळत बसले. २०१२ मध्ये कंपनीने ती सक्ती सोडली. पण तिच्याच ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला कायमचे बंद झाले आणि २०१४ पासून विकली गेलेली ती गेम एकट्याने गाडी फिरवण्यापुरतीही उरली नाही. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. विकलेली गेम बंद करताना ती खेळण्याजोगी ठेवून जा, एवढीच तिची मागणी. २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपीय महासंघाकडे द्यायच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या.

लोखंडी कपाट विकायचं आणि किल्ली दुकानदाराने स्वतःच्या खिशात ठेवायची, असा हा व्यवहार आहे. दुकान उठलं की कपाट गेलं. कॅलिफोर्नियात आता १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की काढून घेता येईल अशी डिजिटल वस्तू विकताना, तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल. सांगणं चांगलंच, पण सांगितल्याने गेम चालू राहत नाही.

आपल्याकडचा कायदाही वाचून ठेव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२(१)(कक) हे कलम संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर ताब्यात असलेल्याला, ती हरवू-बिघडू नये म्हणून जादा प्रत करायची मुभा देतं. २०१२ मध्ये ६५अ हे कलम आलं. संरक्षण तोडणं हा त्यात गुन्हा आहे, पण हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडलं तर. म्हणजे आपल्या कायद्याने चोर आणि गिऱ्हाईक यांत फरक केला आहे. तुमच्या यंत्रणेनेही तो करावा, ही अपेक्षा जास्त नाही.

कुलूप लावूच नका, असं मी म्हणालो तर तुझे वरिष्ठ हसतील. तरी त्यांना दाखवण्यासारखं बरंच आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये काढलेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानात गेम्स कुलुपाशिवायच विकल्या जातात. त्यांची ‘द विचर ३’ तिथे पहिल्या दिवसापासून अशीच होती आणि २०२३ पर्यंत सगळ्या यंत्रांवर मिळून तिच्या पाच कोटींवर प्रती खपल्या. कुलूप लावायचंच असेल तर त्याचा उपयोग किती दिवस असतो ते बघा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेनुवो या संरक्षणाचा हिशेब मांडलाय. गेम आल्या आल्या क्रॅक झाली तर उत्पन्नात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घट. बारा आठवड्यांनंतर झाली तर घट जवळजवळ नाहीच. म्हणजे पहिले तीन महिने कंपनीची बाजू खरी आहे, आणि ती मी मनापासून मान्य करतो. पण मग चौथ्या महिन्यापासून ते कुलूप कुणासाठी आहे? ‘डूम’ मे २०१६ मध्ये आली, डिसेंबरात तिच्यातलं डेनुवो काढून टाकलं. कंपनी बुडाली नाही.

म्हणून छोटी, तुझ्याकडे माझं मागणं एवढंच आहे. कुठलंही संरक्षण निवडा, पण ते काढण्याची तारीख गेम विकायला काढायच्या आधी ठरवा आणि ती डब्यावर नाहीतर विक्रीच्या पानावर छापा. संगणक बदलला तर जुन्याची नोंद गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने, कुणाला ईमेल न लिहिता खोडता आली पाहिजे. आणि कुलूप काढणारा पॅच पहिल्याच दिवशी तयार करून ठेवा. कंपनी विकली गेली, करार संपला, सर्व्हर बंद करायची वेळ आली, तर तो करायला माणसं उरलेली नसतात. पुढच्या बैठकीत कुणी पुन्हा फुकट्यांचं नाव काढलं तर त्यांना विचार, सर्व्हर बंद होईल त्या दिवशी आपल्या गिऱ्हाइकाची गेम कोण उघडून देणार? आणि उत्तर तोंडी घेऊ नकोस, इतिवृत्तात नोंदवून घे.

तुझा,
मामा