हाताची घडी

बालवाडीत नवी लागले तेव्हा माझ्याकडे एकच हुकमी वाक्य होतं: ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ मी स्वतः तेच ऐकत मोठी झाले होते. वर्ग लगेच गप्प व्हायचा आणि दोन मिनिटांत दुपटीने उसळायचा.

त्या वर्षी चार वर्षांचा एक मुलगा चावायचा. आया तक्रार घेऊन येत, मी त्याला कोपऱ्यात बसवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी दंडावर दातांचे वळ. शेवटी आठवडाभर मी त्याला काहीच बोलले नाही, नुसती टिपणं ठेवली: कधी चावला, कुणाला, त्याआधी काय चाललं होतं. जवळजवळ सगळे चावे डब्याआधीच्या हात धुण्याच्या रांगेतले निघाले. नळ एक, मुलं २८. पोटात भूक, मागून रेटारेटी. त्यात त्याच्या घरी बंजारा बोली; ‘मला ढकलू नको’ हे सांगायला मराठी शब्दच नव्हते त्याच्याकडे.

मी रांग मोडली. पाच-पाच जण नळावर आणि बाकीचे सतरंजीवर मटकी-चवळी निवडत. त्याला एवढंच शिकवलं: ‘सरक ना.’ पंधरा दिवसांत चावणं थांबलं. त्या कोपऱ्याची मला आजही लाज वाटते.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी वाचलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलांना बोल न लावता त्यांनी शाळेची मांडणी बदलली. मी जेमतेम एक रांग बदलली होती.

गप्प बसवणं आणि शांत होणं यांतला फरक मला माँटेसरीबाईंच्या शांतीच्या खेळाने दाखवला. मुलं डोळे मिटून बसतात. मी दाराआड जाऊन एकेकाचं नाव कुजबुजते. ज्याला ते ऐकू येईल त्याने पाय न वाजवता माझ्यापाशी यायचं. शेवटच्या मुलाचं नाव येईपर्यंत वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू येते, आणि ते शेवटचं मूल आपल्या नावाची वाट बघत श्वास रोखून बसलेलं असतं. एवढा संयम मी दरडावून कधीच मिळवला नव्हता. रोज मात्र हे जमत नाही. मुलं पावसाने कोंडली की आधी उड्या, मोठ्याने बडबडगीतं, मग बाकीचं.

आयाबायांनो, मुलांना घ्यायला येता तेव्हा दारातच ‘आज शहाण्यासारखा बसलास ना?’ असं विचारता. त्याऐवजी विचारा, ‘आज हातांनी काय काय केलंस?’