लॉगिन शेलची यादी

सर्व्हरवर नव्याने काम करू लागलेली मुलं हटकून एक तक्रार करतात. फिश हा शेल स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवलेला असतो, लॉगिन शेल बदलायची सीएचएसएच कमांड दिलेली असते आणि सिस्टिम नकार देते. आपल्या आवडीवर घाला घातला, असं त्यांना वाटतं. मी म्हणतो, टर्मिनलवर फिशचा पूर्ण पाथ टाइप करून एंटर मार. फिश चालू होतो, कुणी हटकत नाही. अडवलं जातं ते फक्त लॉगिन शेल बदलणं.

पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते. कोलनने तोडलेले सात रकाने, शेवटचा शेलचा. ही फाइल रूटच्या मालकीची. ती साध्या युजरला बदलू द्यायची म्हणून सीएचएसएच रूटच्या अधिकाराने चालते, आणि म्हणूनच इटीसी डिरेक्टरीतली 'शेल्स' नावाची मान्य शेलची यादी आधी पाहते; होम डिरेक्टरीतला फिश तिच्यात नसतो. ही यादी वाचायची सोय बीएसडी युनिक्सच्या ४.३ आवृत्तीत, म्हणजे १९८६ साली आली.

सीएचएसएच आणखीही एक गोष्ट तपासते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते: तुमचा आत्ताचा शेल यादीत आहे का? नसेल तर बदल साफ नामंजूर. समजा, एखाद्याला आर-बॅश हा बंधनं घालणारा शेल दिलाय आणि तो यादीत नाही. त्याला सीडी करता येत नाही, पाथ बदलता येत नाही, कमांडच्या नावात स्लॅश चालत नाही, आउटपुट फाइलमध्ये वळवता येत नाही. सीएचएसएचने हे तपासलं नसतं, तर एका कमांडीत ही सगळी बंधनं गळून पडली असती. (आर-बॅशला vi दिलात तर तसंही फारसं काही उरत नाही, vi-मधून नवा शेल उघडता येतो.) दुसऱ्याच्या खात्यात शिरायची एसयू कमांडसुद्धा हेच पाळते. ज्याच्या खात्यात शिरायचं त्याचा शेल यादीबाहेरचा असेल, तर तुम्ही मागितलेला वेगळा शेल ती देत नाही.

थोडक्यात, ही यादी माणसांची खाती आणि मुद्दाम बांधून ठेवलेली खाती वेगळी ठेवते. अनेक एफटीपी सर्व्हरही तीच पाहून लॉगिन नाकारतात. मग एफटीपी चालावं म्हणून कुणीतरी यादीत 'नोलॉगिन' हा लॉगिन नाकारणारा शेल लिहून मोकळा होतो. अ‍ॅडमिन मित्रांनो, हे करू नका. त्या सेवेच्या पॅम फाइलमध्ये शेल तपासणारी ओळ असते, तेवढी काढा. यादीला हात लावू नका.