डन्स नावाचे आचार्य



जर्मनच्या वर्गात कुणी चुकलं की तुमच्यातले इंग्लिश आजोबा त्याला 'डन्स' म्हणतात, आणि आता तूही स्वतःला तेच म्हणतेस, हे परवा फोनवर कळलं. शिवी सौम्य आहे, जुन्या वळणाची; आता ती थट्टेपुरतीच उरली आहे. अर्थ 'ढ'. पण ज्यांच्या नावावरून ती आली, ते तुझ्याच कोलोनमध्ये, मिनोरिटेन चर्चमध्ये चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांचं नाव जॉन डन्स स्कोटस. स्कॉटलंडमधल्या डन्स गावावरून पडलेलं. हे फ्रान्सिस्कन संन्यासी ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवत, 1308 मध्ये कोलोनला वारले. युक्तिवाद इतका बारीक, की त्यांना 'सूक्ष्म बुद्धीचे आचार्य' म्हणत.

सोळाव्या शतकात वारं फिरलं. नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांना आणि धर्मसुधारकांना हा जुना काथ्याकूट नकोसा झाला. डन्सचे अनुयायी मात्र हटेनात, म्हणून त्यांचं नावच टिंगलीचं झालं. 1535 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या अधिकाऱ्यांनी ऑक्सफर्डमधून डन्स यांची शिकवण हद्दपार केली. न्यू कॉलेजच्या चौकात त्यांच्या ग्रंथांची पानं वाऱ्यावर उडत होती, असं त्या अधिकाऱ्यांतल्या एकाने हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला कळवलं. पुढे शब्दाचा अर्थ घसरत गेला: आधी शब्दच्छल करणारा, मग कोरडा पोथीपंडित, शेवटी शिकवूनही डोक्यात न शिरणारा. एकोणिसाव्या शतकातल्या शाळांत तर मागे पडलेल्या मुलाला निमुळती कागदी टोपी घालून सगळ्यांसमोर कोपऱ्यात बसवत. ही त्या शब्दाची सगळ्यात क्रूर बाजू.

इकडे येशूची आई मरियम गर्भात आल्या क्षणापासून पापमुक्त होती, हे डन्स यांनी हिरिरीने मांडलेलं मत 1854 मध्ये कॅथलिक चर्चने सिद्धान्त म्हणून जाहीर केलं. 1993 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केलं.

मनू, काळाची आवड बदलली आणि एवढा विद्वान 'ढ' ठरला. असा शिक्का माणसाच्या बुद्धीपेक्षा तो मारणाऱ्यांबद्दलच जास्त सांगतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात कुणाला 'ढ' म्हणू दिलं नाही. उशिरा उमगणारी मुलं पुढे किती पक्की होतात, ते मी पाहिलंय. तू तर परक्या देशात नवी भाषा शिकते आहेस. चुकणारच.

आजोबांच्या थट्टेवर खुशाल हस, पण स्वतःला ते नाव लावू नकोस. एखाद्या रविवारी त्यांना त्या चर्चमध्ये घेऊन जा आणि ही गोष्ट सांग. जर्मनमध्येच सांग.

तुझी,
आत्या