चुकलेल्या प्रश्नांची वही

रात्रीचे पावणेबारा. कोडोलीतलं आमचं घर निजलंय. मोबाइलवर प्रश्नसंच उघडला. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेला 200 प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा.

आज घोणस चावलेल्या रुग्णाचा प्रश्न आला आणि मी चुकले. स्पष्टीकरण तीनदा वाचलं : काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवायचं; गोठलं नाही, तर प्रतिविष द्यायचं. वाचताना उसाच्या फडात राबणाऱ्या बायकांचे अनवाणी पाय डोळ्यांपुढे आले. हा प्रश्न तर आमच्याच शिवारातला!

उत्तर वहीत माझ्या शब्दांत उतरवलं. आठवड्यानं पुन्हा सोडवीन. इथं चुकले तर गुण जातील. फडातल्या त्या बाईच्या उशाशी चुकून चालणार नाही.